जाईबाईचे साठ ग्रॅम

चाकण
१४ जुलै २०२५

शालनबाई विहीणबाई, तुमाला जाईबाईचा जयभीम.

पत्र बघून दचकू नका, सगळं बरं हाय. फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई. कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं, मंग मी मोठ्यानं बोलते, मंग शेजारणी काय झालं म्हणून बाहेर येतात. म्हणून लिवते. मी तिसरीपातूर शिकले, पुढं आई कांदा मार्केटला निवडणीला घेऊन गेली ती बत्तीस वर्षं तिथंच. अक्षर वाकडं हाय, तेवढं सांभाळून घ्या. तुमचा धम्मरत्न रोज कंपनीच्या बसनं आकुर्डीवरून चाकणला येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत पत्र घालीन. पोस्टापेक्षा जावई बरा. चहा पाजला की झालं.

आपल्या दीक्षाला पाचवा महिना लागला. माझे तर जमिनीवर पाय ठरत न्हाईत, म्हंजे आनंदानं, तसे गुडघ्यानंबी ठरत न्हाईत. पयलं नातवंड. आमच्या आळीतली सत्तावीस पोरं मी पायावर न्हाऊ घातलीत, त्यातली दोन आता पोलिसात हायेत. आणि माझीच लेक म्हणती, "आई, बाळंतपण आकुर्डीलाच करते. तू पाटावर बसलीस तर उठवायला दोन माणसं लागतात. बाळाला अंघोळ कोण घालणार?" खरं बोलली, म्हणून जास्त लागलं. पयलं बाळंतपण माहेरी असतं, विहीणबाई. माझी लेक एकुलती एक हाय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. माझं वजन एकोणऐंशी. त्या म्हणाल्या, दिवाळीपातूर सहा किलो कमी करा, जेवण बेतानं, पण मांडीत ताकद आली पायजे, त्याला रोज साठ ग्रॅम प्रोटीन लागतं. हाताची घडी घालून खुर्चीतून दहा वेळा उठून दाखवलं, की पाटावरबी उठाल. दीक्षानं त्यावर मान हलवली. म्हणाली, तेवढं केलंस तर येते माहेरी.

आता प्रोटीन कशात असतं ते सांगा. तुमी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत होता, तक्ते भिंतीवर लावलेत. पण मटण, मासे, अंडी सांगू नका. गुरुवारी आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला, तीन महिने आमच्या घरात ते बंद. दीक्षाचा बाप भीमराज आत्ताच आठवण काढायला लागलाय.

तुमची
जाईबाई


आकुर्डी
१७ जुलै २०२५

प्रिय जाईबाई, जयभीम.

तुमचं पत्र धम्मरत्नाने डब्यातल्या लोणच्याच्या डागासकट पोचवलं. अक्षर चांगलं आहे. माझ्या अंगणवाडीत कागदपत्रांवर सह्या करायला येणाऱ्या काही साहेबांपेक्षा तर नक्कीच चांगलं.

वर्षावास आमच्याकडेही आहे, त्यामुळे मटणाचं नाव काढत नाही. प्रोटीन म्हणजे अंगात मांस धरून ठेवणारा भाग. तो डाळी, कडधान्यं, सोयाबीन, दूध, दही, ताक, पनीर यांत असतो. भाकरीत थोडा असतो. तेलात आणि साखरेत अजिबात नसतो. तेव्हा तेल कमी करा, गोड बंद करा, भाकरी अर्ध्यावर आणा आणि डाळ वाढवा. दिवसाला साठ ग्रॅम म्हणजे सकाळ, दुपार, रात्र वीस-वीस असं वाटून घ्या, एकदम अंगाला लागत नाही.

दीक्षा मजेत आहे. तिन्ही मजले न थांबता चढते. मी मागच्या खोलीतलं कपाट हलवून घेतलं, खोली हवेशीर झाली आहे. बाळाची सहा दुपटीही शिवून ठेवली. दवाखाना इथून रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. तुम्ही गुडघ्यांना फार ताण देऊ नका.

तुमची
शालन


चाकण
१९ ऑगस्ट २०२५

शालनबाई, जयभीम.

बातमी आधी सांगते, बाकीचं मंग. वजन चौऱ्याहत्तर! पाच किलो गेले, एका महिन्यात. दवाखान्यातल्या काट्यावर चप्पल काढून उभी राहिले, पुन्हा उतरून पुन्हा चढले, तरी चौऱ्याहत्तरच. नर्स म्हणाली, आजी, काटा बिघडलेला न्हाई. मी म्हणाले, बाई, काट्याचं मला सांगू नको, माझं आयुष्य काट्याच्या बाजूला गेलंय.

तुमी सांगितलं तसं करते, सुताएवढा फरक न्हाई. मिरच्या विकायचा माझा छोटा काटा होता, तो माळ्यावरून काढला, घासला. रोज सकाळी साठ ग्रॅम डाळ मोजते. एक दिवस तूर, एक दिवस मूग, एक दिवस हुलगा. शिजवली की तीन वाटे. एक वाटा सकाळी, एक दुपारी, एक रात्री. एक दाणाबी जास्त पडला तर उचलून ठेवते. सोबत अर्धी भाकरी, पालेभाजी. अष्टमीला आणि पौर्णिमेला उपोसथ धरते, त्या दिवशी दुपारी बारानंतर काही खात न्हाई, तर तिन्ही वाटे बाराच्या आत संपवते. भीमराज म्हणतो, हिनं डाळीला रेशनकार्ड लावलं.

भूक लागती, खोटं कशाला बोलू. परवा रस्त्यात भज्याच्या गाडीपाशी उभी राहून मी एका अनोळखी बाईशी पंधरा मिनटं बोलले, नुसता वास घ्यायला. ती बाई बिचारी निघून गेली तरी मी उभीच. पण नातवंडासाठी मी भजीच काय, भज्याची गाडीबी सोडीन.

मंग आता तुमी दीक्षाला समजवा, की तुझी आई करून दाखवती. आणि माझा हिशोब बरोबर हाय ना, ते लिवा.

तुमची पाच किलोनं हलकी
जाईबाई


आकुर्डी
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय जाईबाई, जयभीम.

पाच किलो कमी झाले हे वाचून आनंद झाला. तुमची जिद्द मोठी आहे.

दीक्षाला सध्या रात्री पाय दुखतात, मी तेल लावून देते. ती म्हणते, इथेच सवय झाली आहे. सातव्यात डोहाळजेवण करू, तेव्हा तुम्हाला गाडी करून आणायची व्यवस्था धम्मरत्न करेल. तीन मजले आहेत, पण मधे दोनदा बसायला खुर्ची ठेवू.

आज घाईत आहे, म्हणून थोडक्यात.

शालन


चाकण
५ सप्टेंबर २०२५

शालनबाई, जयभीम.

हे पत्र वाचून दीक्षाला दाखवू नका. धम्मरत्नालाबी सांगू नका. पोरगं भोळं हाय, बायकोनं डोळे वटारले की सगळं ओकतं.

सोमवारी अंघोळीला पाटावर बसले. वजन बहात्तरवर आलं होतं, मला वाटलं आता वाऱ्यासारखी उठेन. उठले न्हाई. हात टेकला, नळाला धरलं, तरी न्हाई. आधी निदान भिंतीला धरून उठायचे, आता भिंतबी पुरंना. भीमराज दार वाजवतोय, काय झालं काय झालं, आणि मी आतून सांगतेय की गाणं म्हणते. शेवटी टॉवेल गुंडाळून त्यालाच हाक मारली. त्यानं बगलेत हात घालून उठवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मला न्हाणीची कडी लावू देईना, इतका भ्याला.

दोन दिवस इचार केला. मंग वखारीतली गोष्ट आठवली, ती तुमाला सांगते. उन्हाळ्यात कांदा वखारीत भरतात. ऑगस्टला काढला की वजनाला घट येती. ती दोन तऱ्हेची असती. एक कांदा नुसता वरून वाळतो, पापुद्रा कडक होतो, आतून टणक. तो हलका झाला तरी चांगला. दुसरा वरून तसाच दिसतो, पण आतून बसलेला. काट्याला दोन्ही सारखेच. ते कळतं फक्त हाताला, मानेजवळ अंगठा दाबला की. बत्तीस वर्षं मी तेच केलं, दिवसाला हजार माना दाबल्या.

बुधवारी दुपारी घरात कुणी न्हवतं. मी माझ्याच मांडीला अंगठा लावला. आत गेला, शालनबाई. नुसता आत गेला. मी दुसऱ्या तऱ्हेचा कांदा झाले.

पोट हाय तिथं हाय आणि मांडी गेली. मी तर रोज साठ ग्रॅम मोजून खाल्ले. सांगा माझं कुठं चुकलं. तुमच्याशिवाय इचारायला कुणी न्हाई.

जाईबाई


आकुर्डी
८ सप्टेंबर २०२५

जाईबाई,

चूक तुमची नाही. माझी आहे, आणि ती मी लपवली.

साठ ग्रॅम प्रोटीन म्हणजे साठ ग्रॅम डाळ नव्हे. शंभर ग्रॅम डाळीत प्रोटीन असतं बावीस-तेवीस ग्रॅम, बाकी पीठच. तुमच्या साठ ग्रॅम डाळीतून तुम्हाला जेमतेम तेरा-चौदा मिळत होतं. अर्धी भाकरी धरली तरी वीसच्या आत. अंगाला मांस राखायला काही मिळालं नाही, म्हणून ते मांडीतून गेलं. कांद्याचं तुम्ही जे लिहिलंत ते कुठल्याही तक्त्यापेक्षा बरोबर आहे.

आता पुढचं. तुमचं १९ ऑगस्टचं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. हिशोब बरोबर आहे का, असं तुम्ही स्पष्ट विचारलं होतं. मी दोन दिवस पेन हातात घेऊन बसले आणि "आज घाईत आहे" असं लिहिलं. घाई कसलीही नव्हती. मी निवृत्त बाई आहे, मला कसली घाई.

अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं तोलली. आठशे ग्रॅम वाढलं की त्यांच्या आयांपेक्षा मला जास्त आनंद व्हायचा. पण संध्याकाळी अंगणवाडीला कुलूप लावलं की घरी मी आणि धम्मरत्नाचा अभ्यास. हे गेल्यावर तर घर फारच शांत झालं. आता या घरात बाळ रडेल, पहिले चाळीस दिवस माझ्या हातात असेल, असं मी मनात धरून बसले. तुम्ही उठू शकला नाहीत तर दीक्षा इथेच राहील, एवढा साधा हिशोब मी केला. कुपोषणावर गावभर भाषणं देणाऱ्या बाईने आपल्या विहिणीला उपाशी राहू दिलं.

रागवा. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, पण खाली लिहिलंय ते उद्यापासून सुरू करा. सकाळी पन्नास ग्रॅम मुगाची धिरडी आणि साय काढलेलं दूध एक पेला. दुपारी सोयाबीनच्या वड्या कोरड्या तीस ग्रॅम भिजवून, घट्ट पिळून, त्यांचा रस्सा. एक भाकरी, अर्धी नव्हे. वाटीभर दही. चारला मूठभर फुटाणे, सालासकट. रात्री चाळीस ग्रॅम हुलग्याचं माडगं नाही तर उसळ. यात साठ भरतात आणि तेल हाताशी ठेवलं नाही तर वजनही वाढत नाही. उपोसथाच्या दिवशी बाराच्या आत जमेल तेवढंच, पण आधी डॉक्टरीणबाईंना विचारा. आणि खुर्चीतून उठायचा सराव रोज, कुणीतरी जवळ असताना.

शालन


चाकण
१९ सप्टेंबर २०२५

शालनबाई, जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि मी तीन दिवस धम्मरत्नाला चहा दिला न्हाई. त्याला कळेना आपलं काय चुकलं. चौथ्या दिवशी तो स्वतःच दूध घेऊन आला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

राग आला व्हता. लई आला व्हता. मी मनात तुमाला काय काय बोलले ते कागदावर मावायचं न्हाई, आणि काही शब्दांचं शुद्धलेखनबी मला येत न्हाई. मंग मुगाचं धिरडं खाता खाता एक गोष्ट आठवली. जूनमधे दीक्षा आली व्हती तेव्हा मी तिला म्हणाले व्हते, "तुझ्या सासूनं जन्मभर दुसऱ्याची पोरं नुसती काट्यावर ठेवली. न्हाऊ घालायला हात पायजे, वही नगं." म्हंजे मीबी तेच करत व्हते, तुमच्या आधीपासून. तुमी माझी डाळ लपवली, मी तुमचा हात बदनाम केला. फिटंफाट झाली. आता दोघींनी गप बसावं.

आता ऐका. सोयाबीनच्या वड्या पयल्या दिवशी मी पिळल्या न्हाईत, बकरीच्या कानासारख्या लागल्या. दुसऱ्या दिवशी घट्ट पिळल्या, कांदा-खोबरं भाजून वाटण घातलं, तर भीमराज खाली मान घालून दोन वाट्या जेवला आणि मंग हळूच म्हणाला, "वर्षावास हाय ना गं? मंग हे मटण कसं?" मी सांगितलंच न्हाई. रात्रभर बिचारा पापाच्या काळजीत. सकाळी वडीचं पाकीट दाखवलं तेव्हा हसला.

डॉक्टरीणबाईंनी तुमचा कागद वाचून मान डोलावली. म्हणाल्या, कुणी लिवलंय, नीट लिवलंय. मी सांगितलं, माझी विहीण, अंगणवाडीत व्हती, लई हुशार. उपोसथाला त्या म्हणाल्या, आजी, हे दोन महिने नगं. विहारात भंतेजींनाबी इचारलं, ते म्हणाले, औषध समजून खा, शील मोडत न्हाई.

खुर्चीतून तीनदा उठते. चौथ्याला खुर्चीच माझ्याबरोबर उठती.

तुमची
जाईबाई


आकुर्डी
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय जाईबाई, जयभीम.

परवा वर्षावास संपला, आता रोज दोन अंडी घ्या, त्यातलं एक पिवळ्याशिवाय. भीमराजांना मटण एका वाटीवर थांबवा.

डोहाळजेवणाला तुम्ही आलात त्याची चर्चा अजून इथल्या जिन्यात चाललीय. मी दोन मजल्यांवर खुर्च्या ठेवल्या होत्या. तुम्ही पहिलीवर बसलात, दुसरीवर पिशवी ठेवलीत आणि पुढे गेलात. पिशवी मला आणावी लागली. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, या कोणत्या आश्रमात जातात.

 काल दीक्षा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, तुम्हाला वाईट वाटेल का, मी चाकणला गेले तर?" मी तिला सांगितलं, वाटेल. खोटं बोलायचं आता सोडलंय. वाटेल, पण जा. मात्र आधी आईला खुर्चीतून उठताना बघ, माझ्यासमोर नको, डॉक्टरीणबाईंसमोर बघ. बाळाचा प्रश्न आहे, तिथे माझी किंवा तुमची हौस चालणार नाही.

ती शनिवारी येतेय. कळवा.

तुमची
शालन


चाकण
१३ ऑक्टोबर २०२५

शालनबाई, जयभीम.

शनिवारी दीक्षासमोर दवाखान्यात हाताची घडी घालून उठले. मोजायला डॉक्टरीणबाई. सात झाले तेव्हा मांड्या थरथरायला लागल्या. आठ. नऊला थांबले, बसूनच राहिले. दीक्षा म्हणाली, "आई, राहू दे, नऊ पुष्कळ झाले." मी म्हणाले, गप बस, मला श्वास घेऊ दे. दहाव्याला कसं उठले ते मला म्हाईत न्हाई, पण उभी व्हते.

वजन त्र्याहत्तर. म्हंजे एक किलो पुन्हा वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा किलो चांगला हाय.

घरी येऊन दीक्षा म्हणाली, खुर्ची वेगळी, पाट वेगळा. बरोबर हाय, माझीच लेक. मंग तीन किलो कांदे दुपट्यात गुंडाळले, भीमराजाला पाणी ओतायला उभा केला, पाटावर बसले, पाय पसरले, कांदे पायावर घेतले. चांगले चोळून न्हाऊ घातले. भीमराज म्हणाला, साबण लावायचा का. मंग कांदे छातीशी धरले, एक पाय आत घेतला आणि उठले. एका कांद्याला लागलं न्हाई.

दीक्षा बॅग घ्यायला आकुर्डीला आली असंल. तिला डिंकाचा लाडू करून देऊ नका, तिला आवडत न्हाई, ती तुमाला सांगत न्हाई एवढंच.

जाईबाई


चाकण
१८ डिसेंबर २०२५

शालनबाई, आजीबाईचा आजीबाईला जयभीम.

दवाखान्यात तुमी पोरीला हातात घेतलं तेव्हा डोळे मिटून म्हणालात, "दोन किलो आठशे." नर्सनं तोललं तर दोन किलो सातशे ऐंशी. तेव्हापासून मी सगळ्या आळीला सांगत सुटलेय की माझ्या विहिणीच्या हातात काटा हाय. बदनामी केली व्हती, ती फेडते.

आता कालचं सांगते. नाळ पडेपातूर न्हाऊ घालायचं न्हाई असं डॉक्टरांनी बजावलं व्हतं, नुसतं पुसून घ्यायचं. मी दहा दिवस कसे काढले ते माझं मला म्हाईत. रोज पाट उन्हात ठेवायची आणि आत आणायची. परवा नाळ पडली. काल सकाळी दूध, धिरडं, अंडी खाऊन घेतली, कारण उपाशीपोटी हे काम व्हायचं न्हाई. ते आता मला पक्कं कळलंय.

पाटावर बसले. पोरगी पायावर घेतली. शालनबाई, ती एवढीशी, माझ्या दोन पावलांच्या मधे मावली. पाणी अंगावर पडलं तशी आधी ओरडली, मंग कोमट कळलं तशी गप झाली आणि माझ्याकडं बघायला लागली. इतक्या दिवसांत मी तिच्यासाठी जे जे गिळलं, त्या बकरीच्या कानासकट, ते सगळं त्या एका बघण्यात वसूल झालं. पाठ चोळली, डोक्यावर पाणी घातलं, कपाळ, नाक, कान, सगळं. बोटं मोजली. वीस.

मंग उठायची वेळ आली. दोन्ही हातांत पोरगी, म्हंजे भिंत न्हाई, नळ न्हाई, काही न्हाई. दीक्षा न्हाणीच्या दारात उभी, दोन्ही हात पुढं. म्हणाली, "आई, धरू का?"

मी उठले. उठून म्हणाले, "मला कशाला धरतीस? दार धर. पोरीला वारं लागंल."

तर आता रविवारी तुमी इकडं या. बसनं या, नायतर धम्मरत्न गाडी करंल. पाटावर मी तुमाला बसवणार. तुमी कधी पोर पायावर घेतलं न्हाई, हे मला धम्मरत्नानं सांगितलं, त्याला तुमच्या आईनं न्हाऊ घातलं व्हतं म्हणे. भिऊ नका, मी खुर्चीवर बाजूलाच बसलेली असंन आणि सगळ्या चुका मोठ्यानं सांगंन. चाळीस दिवस झाले की पोरगी तुमच्याकडं येणार, तोवर हाताला वळण लागलं पायजे.

चांगली साडी नेसून येऊ नका. भिजणार हाय.

तुमची
जाईबाई